तंजावरच्या दिवाण घराण्याचे वारस : सर टी. माधवराव

कावेरीकाठचे तंजावरचे मराठी राज्य ऑक्टोबर १८५५ मध्ये संपुष्टात आले. दुसरे शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले आणि सातारा व नागपूर या संस्थानांना लावलेला न्याय येथेही लावून ईस्ट इंडिया कंपनीने व्यंकोजीराजांची गादी खालसा केली. राणी कामाक्षीबाई यांनी विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागितली, परंतु १८५९ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला. राज्य खालसा झाले त्या वेळी कुंभकोणम येथे जन्मलेले सव्वीस वर्षांचे एक मराठी अधिकारी दक्षिणेकडील त्रावणकोर संस्थानाच्या महसूल खात्यात काम करीत होते. पुढील सत्तावीस वर्षांत त्यांनी एकामागून एक तीन संस्थानांचा कारभार पाहिला. त्यांपैकी दोन संस्थाने अशी होती की, ती टिकतील किंवा नाही याचीच शंका घेतली जात होती. तीनही टिकली. हे अधिकारी म्हणजे राजा सर टी. माधवराव.

त्यांच्या नावातील ‘टी’ हे अक्षर तंजावरचे आहे. दक्षिणेत आडनावाऐवजी गावाचे आद्याक्षर लावण्याची पद्धत आहे आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी ती सहज स्वीकारली. त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकाला हे नाव प्रथमदर्शनी मद्रासी वाटते. बडोद्यातील लोकांनाही ते तसेच वाटले होते.

कुंभकोणमचे मराठी घर

तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर असलेले कुंभकोणम हे कावेरीच्या खोऱ्यातील प्राचीन तीर्थक्षेत्र. तेथील महामहम तलावावर दर बारा वर्षांनी मोठा स्नानसोहळा भरतो. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण याच गावात गेले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला मराठी सत्ता आली आणि तिच्यामागोमाग सरदार, कारकून, शास्त्री, कीर्तनकार आणि रामदासी महंत या प्रदेशात आले. त्यांपैकी देशस्थ ब्राह्मणांची अनेक घराणी कुंभकोणम परिसरात स्थिरावली. तमिळ शेजारी त्यांना ‘रायर’ म्हणत, आजही म्हणतात.

या घराण्यांचा जीवनक्रम दुहेरी होता. घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ, दरबारच्या दफ्तरात मोडी लिपी आणि पूजेत संस्कृत. घरातील मराठी हळूहळू महाराष्ट्रातील मराठीपासून दूर गेली. तिच्यात जुनी रूपे टिकली, तमिळ शब्द मिसळले आणि उच्चाराची लयही बदलली. मात्र ती सुटली नाही. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर कोरविला, तो याच भाषिक निष्ठेचा आविष्कार होय. विशेष म्हणजे तत्पूर्वीच, १७९९ मध्ये, त्यांना राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली करावा लागला होता. राजाकडे किल्ला, ग्रंथालय आणि मान उरला. मुलूख उरला नाही.

माधवरावांच्या घराण्याची खरी परीक्षा येथे सुरू होते. त्यांचे पणजोबा गोपाळपंत आणि आजोबा गुंडोपंत हे मराठी दरबारात तसेच इंग्रजांच्या पदरी जबाबदारीच्या जागांवर होते. हिशेब, महसूल, पत्रव्यवहार आणि दोन सत्तांमधील मध्यस्थी हा या कुटुंबाचा पिढीजात व्यवसाय होता. ज्या दरबारासाठी ही विद्या जोपासली तो दरबारच आक्रसला, तेव्हा या कुटुंबाने ती विद्या दुसऱ्या दरबारात नेली. चुलते व्यंकटराव १८२१ ते १८३० या काळात त्रावणकोरचे दिवाण होते. पुढे माधवरावांचे वडील रंगराव यांनीही अल्पकाळ तेच पद भूषविले आणि त्यांच्यानंतर व्यंकटराव पुन्हा दिवाण झाले. त्याच काळातील आणखी एक दिवाण सुब्बाराव हेही तंजावरचेच आणि मराठीच. संगीतज्ञ महाराजा स्वाती तिरुनाळ यांचे ते शिक्षक. याच महाराजांच्या दरबारात मेरुस्वामी हे तंजावरचे मराठी कीर्तनकार सन्मानाने राहिले होते. थोडक्यात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मल्याळीभाषक त्रावणकोरचा कारभार बव्हंशी तंजावरच्या मराठी मंडळींच्या हाती होता. स्थानिक लोकांना ही परक्यांची वर्दळ वाटे आणि त्यात फारसे नवल नाही.

शिक्षक ते दिवाण

माधवरावांचा जन्म २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणम येथे झाला. घराण्याने आतापर्यंत जी विद्या वडिलांकडून मुलाकडे दिली होती, तिला त्यांच्या पिढीत इंग्रजी शिक्षणाची जोड मिळाली. मद्रासच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे पुढील प्रेसिडेन्सी कॉलेजात, ते शिकले. मुख्याध्यापक आयर बर्टन पॉवेल यांच्या मार्गदर्शनाखाली गणित, विज्ञान आणि खगोलशास्त्र यांत त्यांनी विशेष प्रावीण्य मिळविले. १८४६ मध्ये शिक्षण पूर्ण झाले. काही काळ त्यांनी पॉवेल यांच्या अनुपस्थितीत गणित शिकविले आणि नंतर मद्रासच्या महालेखापाल कार्यालयात नोकरी धरली. १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांना बोलावणे आले.

चार वर्षे त्यांनी ज्यांना शिकविले त्यांत दोन भावी महाराजे होते, आयिल्यम तिरुनाळ आणि विशाखम तिरुनाळ. त्यानंतर ते महसूल खात्यात गेले आणि थोड्याच अवधीत दक्षिण विभागाचे दिवाण पेशकार झाले. त्या वेळी संस्थानची अवस्था बिकट होती. तिजोरी रिकामी होती, नोकरांचे पगार थकले होते, कर्ज वाढले होते. लॉर्ड डलहौसी यांची दृष्टी त्रावणकोरकडे वळली होती आणि १८५५ मध्ये मद्रास सरकारने महाराजांना कारभार सुधारण्याची स्पष्ट ताकीद दिली होती. माधवरावांच्या जन्मभूमीतील राज्य नुकतेच बुडाले होते आणि ते ज्या राज्याची सेवा करीत होते त्यावर तेच सावट पडले होते. दिवाण कृष्णराव १८५७ मध्ये निधन पावले. त्यांच्या जागी एकोणतीस वर्षांच्या माधवरावांची हंगामी नियुक्ती झाली आणि १८५८ मध्ये ती कायम करण्यात आली.

ब्रिटिशांना संस्थान ताब्यात घेण्याची सबब मिळू द्यायची नाही, हे त्यांच्या कारभाराचे सूत्र होते. सबब बहुधा हिशेबात सापडते. म्हणून त्यांनी प्रथम हिशेब हाती घेतला. मिऱ्याच्या मक्त्याऐवजी निर्यात जकात आली. तंबाखूवरील सरकारी मक्तेदारी १८६३ मध्ये उठविण्यात आली. अनेक किरकोळ आणि जाचक कर रद्द झाले. १८६५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान, कोचीन आणि त्रावणकोर यांच्यात व्यापारी करार होऊन परस्परांतील जकातीचे अडथळे दूर झाले. त्याच वर्षीच्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्या जमिनींवर कायमचा, विक्रीयोग्य हक्क मिळाला. मक्ते आणि कर सोडूनही उत्पन्न घटले नाही आणि संस्थानाचे कर्ज फिटले. कर कमी केल्याने व्यापार वाढतो आणि वाढलेला व्यापार तिजोरी भरतो, हा अर्थशास्त्रातील विचार त्यांनी मद्रासमध्ये पुस्तकातून वाचला होता. त्रावणकोरमध्ये तो करून दाखविला. ब्रिटिश संसदेतील अर्थतज्ज्ञ हेन्री फॉसेट यांनी त्यांची तुलना फ्रान्सचे सुधारक अर्थमंत्री तुर्गो यांच्याशी केली ती याच कामामुळे.

बांधकाम खात्याची उभारणी, न्यायालयांची पुनर्रचना, १८६६ मध्ये तिरुवनंतपुरम येथे सुरू झालेले महाविद्यालय आणि १८६९ मध्ये पूर्ण झालेली कचेरीची भव्य इमारत ही त्यांच्या काळातील ठळक कामे. हीच इमारत आज केरळ शासनाचे सचिवालय म्हणून ओळखली जाते. या सर्वांहून एक काम घराण्याच्या दृष्टीने लक्षणीय आहे. चुलते व्यंकटराव यांनी १८२० च्या दशकात तिरुवनंतपुरमपासून उत्तरेकडे जाणारा जलमार्ग खोदण्यास प्रारंभ केला होता. वर्कला येथील डोंगराने तो जलमार्ग अडविला. तो डोंगर बोगदे खणून भेदण्याचे काम पुतण्याच्या कारकिर्दीत हाती घेण्यात आले. ते पूर्ण होईपर्यंत माधवराव त्रावणकोर सोडून गेले होते.

सुधारणेची मर्यादा

या कारकिर्दीवर एक डाग आहे आणि चरित्रकारांनी तो अनेकदा पुसट केला आहे. दक्षिण त्रावणकोरमध्ये शाणार, म्हणजे आजचे नाडार, समाजाच्या स्त्रियांना वरिष्ठ जातींसमोर छाती झाकण्याची मुभा नव्हती. ख्रिस्ती झालेल्या आणि न झालेल्याही स्त्रियांनी ही रूढी झुगारली, तेव्हा दंगली उसळल्या. डिसेंबर १८५८ मध्ये दिवाण माधवरावांनी काढलेल्या सूचनेत परवानगीविना जुनी रीत मोडू नये, असे शाणारांनाच बजावण्यात आले होते. मिशनरी संतापले, मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी दडपण आणले आणि अखेर २६ जुलै १८५९ रोजी महाराजांच्या जाहीरनाम्याने या स्त्रियांना अंग झाकण्याचा हक्क मिळाला. तोही अपुराच होता, कारण उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र घेण्यास मनाई कायम राहिली.

जकात आणि मक्ता यांबाबत धीट असलेला हा प्रशासक जातीच्या प्रश्नावर रूढीच्या बाजूने उभा राहिला. तो केवळ भित्रेपणा होता असे म्हणता येणार नाही. राज्य आणि रूढी या दोहोंना एकाच वेळी धक्का लावू नये, ही दरबारी घराण्याची पिढीजात सावधगिरी त्यामागे होती. तिची किंमत मात्र ज्यांच्यापाशी काहीच नव्हते त्यांनी मोजली. पुढे संसदेच्या अर्थविषयक समितीपुढे साक्ष देण्यासाठी त्यांना इंग्लंडला बोलावण्यात आले असता, समुद्रपर्यटन धर्माला संमत नाही म्हणून त्यांनी नकार दिला. तो नियम मात्र त्यांनी स्वतःलाही लावला होता.

१८६६ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. नंतर महाराजा आयिल्यम तिरुनाळ आणि त्यांच्या या जुन्या शिक्षकांत गैरसमज वाढले आणि १८७२ मध्ये माधवरावांनी राजीनामा दिला. महाराजांनी त्यांना दरमहा एक हजार रुपये निवृत्तिवेतन दिले. दुसरे शिष्य विशाखम तिरुनाळ यांनी त्याच वर्षी एका इंग्रजी नियतकालिकात त्यांच्या कार्याचा गौरव करणारा विस्तृत लेख लिहिला.

मराठी संस्थानांत

व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातील जागा त्यांनी नाकारली होती आणि विश्रांती घेण्याचे ठरविले होते. तथापि इंदूरचे तुकोजीराव होळकर यांनी आग्रह धरला आणि १८७३ मध्ये ते इंदूरला गेले. तेथील दोन वर्षे तुलनेने शांत गेली. कायद्यांचे संहितीकरण त्यांनी सुरू केले. महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. सुमारे दोन शतकांपूर्वी त्यांच्या पूर्वजांनी दक्षिणेत जी भाषा नेली, तीच भाषा बोलणाऱ्या दरबारात या घराण्याचा पुरुष दिवाण म्हणून दाखल झाला होता. काही काळाने त्यांचे चुलतबंधू, व्यंकटरावांचे पुत्र रघुनाथराव, हेही इंदूरचे दिवाण झाले.

बडोद्याचे बोलावणे मात्र संकटातून आले. मल्हारराव गायकवाड यांच्या उधळपट्टीची आणि जुलमाची प्रकरणे गाजत होती. दादाभाई नौरोजी यांनी दिवाणपद स्वीकारून कारभार सावरण्याचा प्रयत्न केला, पण जानेवारी १८७५ मध्ये ते पायउतार झाले. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप मल्हाररावांवर आला. चौकशी आयोगातील तीन भारतीय सदस्य आणि तीन इंग्रज सदस्य यांचे एकमत झाले नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून त्यांना पदच्युत करून मद्रासला पाठविण्यात आले. या घटनेने महाराष्ट्र आणि गुजरात ढवळून निघाले. संस्थान खालसा करणार नाही असे सरकारने जाहीर केले होते, तरी सातारा, नागपूर आणि झाशी यांची आठवण ताजी होती. लोकांचा विश्वास बसणे कठीण होते.

मे १८७५ मध्ये जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील बारा वर्षांच्या गोपाळराव या मुलास दत्तक घेतले. तेच सयाजीराव महाराज. सज्ञान होईपर्यंत कारभार माधवरावांकडे आला. त्यांच्यापुढे एकीकडे निरक्षर बालराजा होता, तर दुसरीकडे सरदार, सावकार, जवाहिरे आणि इजारदार यांच्या मागण्यांचा डोंगर. गावेच्या गावे इजाऱ्याने दिली गेली होती आणि इजारदार रयतेकडून वाटेल तितके वसूल करीत. माधवरावांनी त्रावणकोरचीच पद्धत अवलंबिली. आधी दावे तपासून देणी निकालात काढली, मग इजाऱ्यांऐवजी सरकारी वसुली सुरू केली, शेतसाऱ्यात सवलत दिली, आणि न्यायालये, पोलीस, दवाखाने व शाळा यांची घडी बसविली. काझी शहाबुद्दीन, पेस्तनजी जहांगीर, जनार्दन सखाराम गाडगीळ आणि ‘थोरले माधवराव पेशवे’ या नाटकाचे लेखक विनायक जनार्दन कीर्तने हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. १८७७ च्या दिल्ली दरबारात माधवरावांना ‘राजा’ हा किताब देण्यात आला. सयाजी बाग, बडोदे कॉलेज आणि लक्ष्मीविलास राजवाडा यांचा आरंभ त्यांच्याच कारकिर्दीतील आहे.

याच काळात तंजावर आणि बडोदे यांच्यात आणखी एक धागा जुळला. १८८० मध्ये सयाजीरावांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी झाला. त्याच पुढे पहिल्या चिमणाबाई म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांच्यासमवेत तंजावरच्या नर्तकी आणि वादक बडोद्यास आले आणि आज भरतनाट्यम म्हणून ओळखली जाणारी नृत्यपरंपरा गुजरातेत पोहोचली. गादी गेल्यावर पंचवीस वर्षांनी तंजावरची एक कन्या मराठी संस्थानची महाराणी झाली.

चित्रकार राजा रविवर्मा यांनाही माधवरावांनीच १८८१ मध्ये बडोद्याला बोलाविले. त्यांची त्रावणकोरपासूनची ओळख होती. पुढे रविवर्म्यांची चित्रे छापून सर्वांना उपलब्ध करावीत, ही सूचनाही माधवरावांनी केली. रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, तेव्हा सूचना करणारे हयात नव्हते. मराठी घराघरांतील भिंतींवर लक्ष्मी आणि सरस्वतीची जी चित्रे अनेक पिढ्यांनी पाहिली, त्यांमागे हा इतिहास आहे.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. त्याआधी माधवरावांनी तरुण महाराजांसाठी व्याख्यानांची एक मालिका दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. राजाने खासगी खर्चास मर्यादा घालावी, न्यायदानात हस्तक्षेप करू नये, कायद्याने स्वतःला बांधून घ्यावे आणि ब्रिटिशांना ढवळाढवळीची संधी देऊ नये, हा तिचा आशय. राजाने कसे वागावे हे तीत आहेच, पण राज्य कसे वाचवावे हेही त्यात सामावले आहे. अलीकडच्या काळात अभ्यासक राहुल सागर यांनी ही व्याख्याने नव्याने संपादित केली आहेत.

शिष्य तयार झाला की गुरूचे काम संपते, या नियमाला बडोदेही अपवाद ठरले नाही. मद्रासकडून आलेल्या दिवाणाविषयी स्थानिकांच्या मनात असंतोष होता. ब्रिटिशांशी व्यवहार करताना ते फार नमते घेतात असा आक्षेप होता आणि स्वतंत्र वृत्तीच्या महाराजांनाही तो पटू लागला होता. हा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. ज्यांनी तंजावर बुडताना पाहिले त्यांना तडजोड हे संरक्षण वाटत होते. सयाजीरावांच्या पिढीला त्यात पराभव दिसू लागला होता. १८८२ मध्ये माधवराव निवृत्त होऊन मद्रासला परतले.

मैलापूरची अखेरची वर्षे

मैलापूर येथील निवृत्तीच्या काळात त्यांनी टोपणनावांनी विपुल लेखन केले. १८८७ च्या अखेरीस राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली मद्रासला भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्षपद माधवरावांकडे होते. त्याच वेळी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रघुनाथराव यांच्या पुढाकाराने पहिली सामाजिक परिषद झाली. तिचे अध्यक्षही तेच होते. रघुनाथराव विधवाविवाहाचे कट्टर पुरस्कर्ते. माधवराव सुधारणेला अनुकूल, परंतु पावलागणिक थांबणारे. एकाच घरातील हे दोन स्वभाव. राजकारणातही तेच घडले. कायदेमंडळांच्या रचनेविषयीच्या ठरावावरून मतभेद होऊन १८८९ मध्ये ते राष्ट्रीय सभेपासून दूर झाले.

डिसेंबर १८९० मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ४ एप्रिल १८९१ रोजी मैलापूर येथे वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. तिरुवनंतपुरममध्ये सचिवालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. त्यावरून त्या चौकाला नुसते ‘स्टॅच्यू’ हे नाव पडले असून, पुतळा कोणाचा हे अनेकांना सांगता येत नाही.

दिवाणगिरी त्यांच्याबरोबर संपली नाही. पुत्र आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. त्यांनी ज्यांच्याकडून सूत्रे घेतली ते व्ही. पी. माधवराव हेही कुंभकोणमचेच, मात्र दुसऱ्या मराठी घराण्यातील. त्यांच्या नावातील ‘पी’ हे अक्षर पाटणकर या आडनावाचे आहे. त्रावणकोर आणि म्हैसूर या दोन्ही संस्थानांचे दिवाणपद सांभाळून ते निवृत्त झाले होते. बालवयात सयाजीरावांना कुंभकोणमचे माधवराव इंग्रज सरकारने नेमून दिले होते. १९१४ मध्ये, एकावन्नाव्या वर्षी, दिवाण निवडताना महाराजांनी कुंभकोणमच्याच या दुसऱ्या माधवरावांना बडोद्यास बोलावून घेतले.